गेटचा स्कोअर कमी आलाय? एम.टेक.चा अर्ज असा करा

मार्चच्या उत्तरार्धात गेटचा, म्हणजे एम.टेक. प्रवेशासाठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा, निकाल लागतो आणि संध्याकाळी सातनंतर माझा फोन थांबत नाही. सेलूहून, गंगाखेडहून, औशाहून, भूमहून मुलं-मुली बोलत असतात. सुरुवात बहुतेकांची एकच : "मॅडम, क्वालिफाय झालोय, पण स्कोअर लई कमी आहे. आता काय करू?"

मी नांदेडला इंजिनीअरिंगच्या मुलांना इलेक्ट्रिकल शिकवते. माझा स्वतःचा गेट स्कोअर ४०२ होता आणि त्याच स्कोअरवर मी एका आयआयटीतून संशोधनाची पदव्युत्तर पदवी घेतली. त्यामुळे फोनवर मी जे सांगते ते आज सविस्तर लिहिते आहे. कमी स्कोअरवाल्याचं सगळ्यात मोठं नुकसान स्कोअरने होत नाही, चुकीच्या ठिकाणी अर्ज केल्याने आणि योग्य ठिकाणी न केल्याने होतं. जिथे फक्त स्कोअर बघतात ती ठिकाणं वेगळी, आणि जिथे स्कोअर बघून आत बोलावतात पण निवड समोर बसवून करतात ती वेगळी. हा फरक कळला की अर्धं काम झालं.

पहिलं काम : स्कोअरकार्ड समजून घ्या

कार्डावर तीन आकडे असतात : १०० पैकी गुण, १००० पैकी स्कोअर आणि रँक. मुलं या तिन्हींची गल्लत करतात. खुल्या गटाचा पात्रता गुण गाठला की स्कोअर ३५० होतो. सगळ्यात वरच्या मुलांच्या सरासरी गुणांना ९०० मिळतात. मधलं सगळं या दोन टोकांमध्ये सरळ प्रमाणात वाटलेलं असतं.

एक उदाहरण करून बघू. समजा तुमच्या पेपरचा पात्रता गुण २८ होता, वरच्यांची सरासरी ८० आणि तुम्हाला ३६ मिळाले. तर ३६ वजा २८ म्हणजे ८, त्याला ८० वजा २८ म्हणजे ५२ ने भागा, ५५० ने गुणा आणि ३५० मिळवा. उत्तर येतं सुमारे ४३५. म्हणजे या पेपरात एका गुणाला साडेदहा स्कोअर पडतो. दोन गुणांचे दोन प्रश्न जास्त आले असते तर तुम्ही ४७५ च्या पुढे असता. हे मुद्दाम सांगते, कारण ४३५ ऐकून पोरं स्वतःला ढ समजायला लागतात, आणि अंतर असतं दोन प्रश्नांचं.

ओबीसी नॉन-क्रीमीलेअर आणि ईडब्ल्यूएससाठी पात्रता गुण खुल्या गटाच्या ९० टक्के असतो. एससी, एसटी आणि दिव्यांगांसाठी दोन तृतीयांश. म्हणून यांच्या कार्डावर ३५० च्या खालचा स्कोअर असला तरी तो पात्र आणि वैध असतो. मागच्या वर्षी हिंगोलीची एक मुलगी ३१० घेऊन "नापास झाले" म्हणत महिनाभर गप्प बसली होती, आणि तेवढ्यात दोन ठिकाणच्या तारखा गेल्या. स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. मागच्या वर्षीचा जास्त असेल तर तो वापरा.

दाखला आत्ताच काढा

हे दुसरं काम आणि याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आयआयटी आणि एनआयटीला केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं. आपण महाडीबीटीसाठी काढलेलं राज्याचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. तारीखही चालू आर्थिक वर्षातली, म्हणजे १ एप्रिल किंवा त्यानंतरची हवी. ईडब्ल्यूएसचंही तसंच. १ एप्रिल उजाडला की सेतूत अर्ज टाका आणि "केंद्र शासनाच्या नमुन्यात" हे शब्द तोंडाने सांगा, कारण न सांगता राज्याचाच नमुना हातात पडतो.

राज्याची यादी आणि केंद्राची यादी एक नाही. राज्यात एनटीमध्ये येणाऱ्या वंजारी, धनगर अशा जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत आहेत. राज्यातलं एसईबीसी (मराठा समाजाचं) आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू होत नाही. तिथे अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढा. आपल्या जातीची नोंद केंद्राच्या यादीत स्वतः डोळ्यांनी बघा, कुणाच्या सांगण्यावर राहू नका.

आता यादी करा

एक वही घ्या. मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून ही कामं होत नाहीत, मी दरवर्षी बघते.

वहीच्या पहिल्या पानावर सीसीएमटी, म्हणजे एम.टेक.ची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया, लिहा. एनआयटी, काही आयआयआयटी आणि केंद्राच्या मदतीवर चालणाऱ्या इतर संस्था इथून भरल्या जातात. इथे मुलाखत नसते, स्कोअर आणि तुम्ही भरलेला पसंतीक्रम एवढंच. खुल्या गटाला पदवीत ६.५ सीजीपीए किंवा ६० टक्के लागतात, एससी-एसटी आणि दिव्यांगांना ६.० किंवा ५५ टक्के. मागच्या वर्षांचे क्लोजिंग आकडे (शेवटचा प्रवेश किती स्कोअरवर झाला ते) त्यांच्याच संकेतस्थळावर फेरीनिहाय असतात. तुमच्या पेपरकोडला चालणारा प्रत्येक अभ्यासक्रम उतरवा आणि शेवटच्या फेरीचा आकडा बघा; पहिल्या फेरीचा बघून घाबरू नका. नियमित फेऱ्या संपल्यावर स्पॉट राउंडही होतो. त्यात ईशान्येकडच्या एनआयटीतल्या चांगल्या जागा उरलेल्या असतात आणि घरचे "एवढं लांब?" म्हणतात. लांब असू द्या.

मूळ शाखेच्या नावाला चिकटून बसू नका. रुरकीच्या आयआयटीत भूकंप अभियांत्रिकी, जलसंपदा विकास व व्यवस्थापन, जल व अपारंपरिक ऊर्जा असे स्वतंत्र विभाग आहेत. लातूर-धाराशिवच्या सिव्हिलच्या मुलांना मी भूकंपाचा विभाग आवर्जून सांगते. किल्लारीची १९९३ ची गोष्ट त्यांच्या घरात आजही बोलली जाते आणि त्यांना विषयाचं महत्त्व वेगळं पटवून द्यावं लागत नाही. आयआयटी मुंबईत सितारा नावाचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. तिथल्या टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंटच्या एम.टेक.ला वेगवेगळ्या शाखांचे पदवीधर जातात. पाणी, शेती, गावाचं नियोजन यात ज्याला खरोखर रस आहे त्याने हे पान वाचलंच पाहिजे.

जिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगते

आयआयटीत दोन तऱ्हेच्या पदव्युत्तर पदव्या असतात. एक नेहमीचा दोन वर्षांचा एम.टेक., त्यात प्रवेश मुख्यतः स्कोअरवर होतो आणि ४०० च्या आसपास मुख्य शाखांत नंबर लागणं कठीण. दुसरी संशोधनावर आधारलेली : मद्रास, दिल्ली, कानपूर इथे एम.एस. बाय रिसर्च, मुंबई आणि हैदराबादला तीन वर्षांचा रिसर्च असिस्टंटशिपवाला एम.टेक. यात कोर्स कमी, प्रबंध मोठा. पुष्कळ विभाग इथे स्कोअरवरून यादी काढून मुलांना बोलावतात आणि मग लेखी परीक्षा व मुलाखत घेतात. बोलावण्याचा आकडा नेहमीच्या एम.टेक.च्या क्लोजिंगपेक्षा खाली असतो. एकदा आत बसलात की ४०२ वाला आणि ६०० वाला एकाच फळ्यासमोर उभे असतात.

इथे अर्ज स्वतंत्र करावा लागतो, प्रत्येक आयआयटीच्या पोर्टलवर, निकालानंतर मार्च-एप्रिलमध्ये. तोच पहिला गळतीचा टप्पा. मुलं कोॲपवर नोंदणी करून बसतात आणि आता ऑफर येईल म्हणून वाट बघतात. कोॲप ही आयआयटींच्या ऑफर दाखवण्या-स्वीकारण्याची फक्त एक ऑनलाइन खिडकी आहे. जिथे अर्जच केला नाही तिथून ऑफर येणार कुठून?

मद्रासला एम.एस.चे प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जुलै आणि जानेवारी. जुलैला नाही झालं तर सहा महिन्यांनी पुन्हा. आयआयटी हैदराबाद संगारेड्डीजवळ कंदीला आहे. नांदेड-परभणीच्या मुलांना देवगिरी एक्सप्रेसने सिकंदराबादपर्यंत जाता येतं. मुलाखतीला पुण्या-मुंबईपेक्षा ते जवळ पडतं.

मुलाखतीत काय होतं

माझ्या मुलाखतीत चार प्राध्यापक होते. पहिला प्रश्न, आवडता विषय कोणता. मी म्हटलं, इलेक्ट्रिकल मशीन्स. मग विचारलं, ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात अखंड लोखंड का नसतं, पातळ पत्रे का असतात? हे सगळ्यांना येतं : एडी करंट, म्हणजे गाभ्यातच फिरून वाया जाणारा प्रवाह, कमी करायला. पुढचा प्रश्न आला, व्होल्टेज तेवढंच ठेवून फ्रिक्वेन्सी दुप्पट केली तर एडी करंटचा लॉस किती होईल? मी पाठ केलेल्या सूत्रावरून पटकन म्हटलं, चौपट.

कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. एक सर एवढंच म्हणाले, "फ्लक्सचं काय झालं ते लिहा." मी खडू घेतला. व्होल्टेज तेवढंच आणि फ्रिक्वेन्सी दुप्पट, म्हणजे फ्लक्स डेन्सिटी (गाभ्यातल्या चुंबकीय क्षेत्राची घनता) निम्मी. लॉस दोन्हींच्या वर्गाच्या प्रमाणात. चार गुणिले एक चतुर्थांश. लॉस तेवढाच राहतो. मी फळ्यावरच "चौपट" खोडून "बदल नाही" लिहिलं. माझी निवड त्या खोडण्यावर झाली असं मला आजही वाटतं. त्यांना बघायचं असतं की अडल्यावर तुम्ही विचार करता की गप्प होता.

म्हणून तयारी अशी करा. दोनच विषय निवडा, तीन नको. त्यांची दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मूळ पुस्तकं पहिल्या प्रकरणापासून वाचा. गेटच्या नोट्स नकोत, त्यात सूत्र असतं पण सूत्र कुठून आलं ते नसतं. त्यासोबत इंजिनीअरिंग गणित : मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन, प्रोबॅबिलिटी. रोज एक प्रश्न मित्रासमोर उभं राहून, मोठ्याने बोलत, फळ्यावर किंवा घरच्या फरशीवर खडूने सोडवा. इंग्रजी अडखळत असेल तरी चालतं. मीही अडखळतच बोलले होते. येत नसेल तर "मला हे येत नाही, पण अशी सुरुवात करून बघते" असं सरळ सांगा. अंदाजाने ठोकून देऊ नका, पुढचा प्रश्न त्याच खड्ड्यात घेऊन जातो.

आणि स्वतःचा अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट. विकत आणलेला असेल तर मुलाखतीत तो पाचव्या मिनिटाला उघडा पडतो. तुमचाही तसा असेल, तर एप्रिल-मे हातात आहेत. त्यातला निदान एक भाग स्वतः परत बांधा, मोजमापं घ्या.

स्टेटमेंट ऑफ पर्पज

पुष्कळ ठिकाणी एक-दोन पानांचं निवेदन मागतात. मागच्या वर्षी जिंतूर भागातल्या एका मुलाने मला मसुदा आणून दिला. पहिलं वाक्य होतं, लहानपणापासून मला यंत्रांची ओढ आहे. पुढे देशाच्या प्रगतीत तंत्रज्ञानाचा वाटा वगैरे. कागद बाजूला ठेवून मी त्याला विचारलं, "तू प्रोजेक्ट काय केला होतास रे?"

मग तो बोलायला लागला. त्यांच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटार दोन वर्षांत तीनदा जळाली होती. डीपीवरून एक फेज गेला की लोक कंडेन्सर लावून मोटार दोन फेजवर चालवतात, कारण पाळीची वीज रात्रीची असते आणि भिजवणं थांबवता येत नाही. त्याने फेज गेला की मोटार बंद करणारं यंत्र बनवलं आणि तीन आठवडे रोज रात्री स्टार्टरच्या पेटीजवळ बसून तिन्ही फेजचं व्होल्टेज वहीत उतरवलं. बाजारातलं तयार यंत्र का नाही लावलं, विचारलं तर म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे व्होल्टेज इतकं पडतं की ते उगाचच ट्रिप होतं, मग बाबा काढून फेकतात."

"हेच लिही," मी म्हटलं. "कोणत्या रात्री किती व्होल्टेज होतं तेही लिही."

त्याने तसंच लिहिलं. मुलाखतीत वीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटं प्रश्न त्या वहीवरच आले. स्कोअर ३९० च्या आत होता. आज तो पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये संशोधन करतो आहे.

कमी स्कोअरबद्दल निवेदनात रडगाणं नको. खरं कारण असेल, आजारपण, घरचं काही, तर एका वाक्यात सांगा आणि पुढे जा. कारण नसेल तर विषयच काढू नका. स्कोअर त्यांच्यासमोर असतोच. शिफारसपत्रं प्राचार्यांकडून घेण्याचा मोह टाळा. ज्या सरांनी तुम्हाला प्रयोगशाळेत काम करताना बघितलंय त्यांच्याकडून घ्या, आणि तुम्ही काय काय केलं त्याची अर्ध्या पानाची टिपणं त्यांना द्या. आपल्याकडे सरांना टिपणं द्यायला संकोच वाटतो, पण सरांना त्याने मदतच होते.

घराजवळचा पर्यायही पूर्ण पर्याय आहे

राज्याच्या एम.ई.-एम.टेक. प्रवेशात आधी गेटवाले घेतात, मग बिगरगेटवाले पदवीच्या गुणांवर. त्यांना किमान ५० टक्के, राखीव गटांना ४५ टक्के. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासूनचं, नांदेडला विष्णुपुरीचं श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी १९८१ पासूनचं. दोन्ही स्वायत्त. संभाजीनगरलाच नायलिट या केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स डिझाइनचा एम.टेक. आहे.

गेट पात्र असाल, कितीही कमी स्कोअर असू दे, तर एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यतेच्या महाविद्यालयात पूर्णवेळ एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते, २४ महिने. म्हणजे दोन वर्षांत २,९७,६०० रुपये. हे माहीत नसल्यामुळे "एवढ्याशा स्कोअरचा काय उपयोग" म्हणून बिगरगेटमधून प्रवेश घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. प्रवेश गेटच्या स्कोअरवर नोंदवला आहे ना, हे पावती हातात घेताना तपासा.

गेट पात्रच नसाल तर हैदराबादच्या आयआयआयटीची स्वतःची पीजीईई परीक्षा आहे, बिट्स स्वतःची परीक्षा घेतं, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था कॉम्प्युटर सायन्सच्या एम.टेक.साठी स्वतःची घेते. दुसरा रस्ता प्रोजेक्ट असिस्टंटचा. आयआयटी-एनआयटीतले प्राध्यापक संशोधन प्रकल्पांवर माणसं घेतात, जाहिराती संस्थेच्या संकेतस्थळावर लागतात आणि काही पदांना गेट लागत नाही. वर्षभर तिथे काम करत पुन्हा गेट द्यायचं. पुण्यात खोली घेऊन दुसऱ्यांदा नुसता क्लास लावून बसण्यापेक्षा मला हे केव्हाही बरं वाटतं. तिथे पगार मिळतो, काम शिकायला मिळतं आणि शिफारसपत्र देणारा माणूसही मिळतो.

बाहेरदेशी जायचं असेल तर

थोडक्यात सांगते. २०२० नंतर अमेरिकेतल्या बऱ्याच इंजिनीअरिंग विभागांनी जीआरई या प्रवेशपरीक्षेची सक्ती काढली. प्रत्येक विभागाच्या पानावर "आवश्यक", "ऐच्छिक" की "स्वीकारत नाही" ते वाचा; ऐच्छिक असेल आणि गुण कमी असतील तर पाठवूच नका. परीक्षा २१ दिवसांच्या अंतराने, वर्षात पाच वेळा देता येते आणि कोणत्या वेळचे गुण पाठवायचे ते तुम्ही ठरवता.

जर्मनीत पदवीचे गुण बघतात. ७.२ सीजीपीए, कमाल १० आणि उत्तीर्णतेची रेघ ४ असेल तर : १० वजा ७.२ म्हणजे २.८, भागिले ६, गुणिले ३, अधिक १. जर्मन श्रेणी २.४. पुष्कळ ठिकाणी २.५ ही मर्यादा असते आणि तिथे आकडा जितका लहान तितका चांगला. काही नामवंत विद्यापीठं जीआरई किंवा गेट मागतात, ती आधी वगळा. भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (पदवीची कागदपत्रं तपासल्याचं) लागतं. त्याची सुरुवात सगळ्यात आधी करा.

ऑफर आल्यावर

कोॲपवर तीन पर्याय दिसतात. स्वीकारून थांबा, हातची राखून पुढच्या फेरीची वाट बघा, नाकारून वाट बघा. तिसरं बटण दाबलं की ती जागा परत येत नाही. आमच्या वेळच्या एका मुलाने पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या माणसाच्या हातात पासवर्ड दिला होता. त्या माणसाने "अजून वरचं मिळेल" म्हणत ऑफर नाकारली आणि मुलाला काहीच मिळालं नाही. पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही देऊ नका, अगदी मला सुद्धा. ऑफरच्या दिवसांत नेट नीट असेल अशा गावी राहा.

शेवटचं, पैशाचं. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतात. तेव्हा आपल्याकडे पेरणी होऊन घरातला पैसा खत-बियाण्यात गेलेला असतो आणि सोयाबीन हातात यायला ऑक्टोबर उजाडतो. स्टायपेंड किंवा शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता खात्यात पडायला दोन-तीन महिने सहज लागतात. म्हणून फी, मेस आणि प्रवास धरून तीन महिन्यांचा आकडा मे महिन्यातच वडिलांसमोर मांडा. कर्ज लागणार असेल तर बँकेत मेमध्येच जा, महाडीबीटीचं काय बसतं ते बघा, आणि संस्थेत फी हप्त्याने भरता येते का, हे प्रवेशाच्या आधी ईमेलने विचारून ठेवा. उत्तर आलं की त्याची प्रिंट काढून दाखल्यांच्या फाइलीत लावा.